‘त्रास झाला तर या’ एवढ्यानं भागत नाही

ओपीडीतलं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ‘पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्यात, त्रास झाला तर या.’ सर्दी-पडशाला, मुरगळलेल्या पायाला ते पुरतं. रुग्णाचा वेळ आणि पैसा वाचतो, बाहेरची रांग पुढे सरकते. दुखलं-खुपलं की रुग्णानं यायचं आणि डॉक्टरांनी बघायचं, या अलिखित करारावर आपली रोजची वैद्यकी चालते. ल्युपसमध्ये नेमका हाच करार मोडतो. या आजाराचं मोठं नुकसान जिथे होतं, तिथे बराच काळ काहीच दुखत नाही. म्हणून ल्युपसच्या रुग्णाची सर्वांत महत्त्वाची तपासणी ती ‘डॉक्टर, आता मला काही त्रास नाही’ असं म्हणते त्या दिवशीची असते. रोजच्या व्यवहारात नेमकी तीच बुडते.

‘म्हणते’ हे क्रियापद स्त्रीलिंगी आहे, त्याला कारण आहे. पंधरा ते पंचेचाळीस या वयात दहा रुग्णांमागे जवळपास नऊ स्त्रिया असतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. त्यातून कुणाला गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली येते, कुणाचे सांधे धरतात, कुणाला वरचेवर तोंड येतं, कुणाचे केस मुठीमुठीनं गळतात, कुणाला आठवडेच्या आठवडे कणकण राहते. आजार दुर्मीळ वाटतो. दिल्लीजवळ झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे तीन-साडेतीन रुग्ण आढळले होते. मात्र तो जन्मभराचा आहे आणि ऐन उमेदीच्या वयात येतो. त्यामुळे एकेका रुग्णामागे तपासण्यांची तीस-चाळीस वर्षं उभी असतात.

हा हिशेब जुना नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या मेरेल आणि शुलमन यांनी आपल्या रुग्णांची आकडेवारी मांडली, तेव्हा निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात होते. आज चांगले उपचार मिळाले तर दहा वर्षांनंतर नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्ण जगतात. स्टेरॉइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं, डायलिसिस, जंतुसंसर्गावरची प्रतिजैविकं या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पूर्वी या वर्षी रुग्ण वाचेल का, एवढाच प्रश्न असायचा. आता ती साठाव्या वर्षी कोणत्या मूत्रपिंडांनी, कोणत्या हाडांनी आणि कोणत्या हृदयानं जगत असेल, हाही प्रश्न आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर तीन-चार महिन्यांनी थोडंथोडं लिहिलं जातं.

अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओकॉनर यांचं आयुष्य या दोन काळांच्या उंबरठ्यावर गेलं. वडील याच आजारानं १९४१ साली गेले, तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. १९५०च्या अखेरीस त्या स्वतः आजारी पडल्या. सुरुवातीला त्यांना सांधेवात असल्याचं सांगण्यात आलं. अटलांटाच्या डॉक्टरांनी ल्युपस ओळखला, पण आईनं ते नाव लेकीपासून लपवलं. १९५२च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा कुठे त्यांना कळलं. त्यानंतरची बारा वर्षं जॉर्जियातल्या मिलेजव्हिलच्या शेतघरात एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं घेत, कुबड्यांवर चालत त्यांनी लिहिलं. फेब्रुवारी १९६४मध्ये गर्भाशयातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ ल्युपस पुन्हा उसळला आणि त्या ऑगस्टमध्ये ३९व्या वर्षी त्यांचं निधन झालं. या कहाणीतली एक गोष्ट आजही आपल्या दवाखान्यांत घडते. आजाराचं नाव घरच्यांना ठाऊक असतं, रुग्णाला नसतं. कशावर नजर ठेवायची हेच तिला माहीत नसेल, तर बाकीची देखरेख लंगडीच राहते.

आता मूत्रपिंडाकडे येऊ. ल्युपसच्या शंभर रुग्णांपैकी साधारण चाळीस जणांना कधी ना कधी मूत्रपिंडाचा दाह होतो, बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत. कंबर दुखत नाही, लघवीला जळजळ होत नाही. घोट्यावर सूज येते, सकाळी पापण्या जड वाटतात, लघवीला फेस येतो, पण तोवर बरंच प्रथिन वाहून गेलेलं असतं. रक्तातलं क्रिएटिनिन तर त्याहून उशिरा वाढतं, त्यामुळे ‘किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्यावर विसंबता येत नाही. आधी बोलते ती लघवी. दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रथिन जातंय असं दिसलं आणि ते पुन्हा तपासूनही टिकलं, तर मूत्रपिंडाच्या बायोप्सीचा विचार सुरू होतो. त्यासाठी पूर्वीसारखी चोवीस तासांची लघवी डब्यात साठवत बसावं लागत नाही. सकाळच्या एका नमुन्यातून प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढलं तरी नेहमीच्या देखरेखीचं काम भागतं.

एवढी साधी तपासणीही नीट व्हावी लागते. मासिक पाळी चालू असताना दिलेल्या नमुन्यात तांबड्या पेशी दिसणारच, म्हणून तारीख विचारायला हवी. नमुना घरून आणताना एसटीत दोन तास गेले, मग लॅबच्या काउंटरवर आणखी दोन, तर दाहाची खूण असणारे पेशींचे नळकांडीसारखे साचे विरघळून जातात. यंत्रावर काढलेल्या रिपोर्टमध्ये ते निसटूही शकतात. ताजी लघवी फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघणारा तंत्रज्ञ ज्या गावात आहे, तिथला रुग्ण नशीबवान. तो नसेल, तर डिपस्टिकची पट्टी आणि रक्तदाबाचं यंत्र तरी हवंच. सव्वीस वर्षांच्या मुलीचा रक्तदाब १४०/९० निघाला तर ‘घाबरली असेल’ म्हणून सोडून देण्याची चैन ल्युपसमध्ये परवडत नाही.

इतक्या स्वस्त गोष्टी राहून जातात आणि महागड्या पुन्हा पुन्हा होतात, ही रोजच्या व्यवहारातली विसंगती आहे. तिचं ठळक उदाहरण म्हणजे एएनए ही पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी. ही चाचणी निदानाच्या दारावर उपयोगी पडते. ल्युपसच्या जवळपास सगळ्या रुग्णांत ती पॉझिटिव्ह असते, आणि २०१९च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० या पातळीची एएनए ही प्रवेशाची अट आहे. पण १९९७ साली निरोगी माणसांवर झालेल्या एका पाहणीत त्याच पातळीला तेराएक टक्के लोकांत ती पॉझिटिव्ह निघाली होती. शिवाय एकदा ती पॉझिटिव्ह आली की आजार वाढला-उतरला म्हणून तिच्यातून काही कळत नाही. तरीही दर सहा महिन्यांनी नवी एएनए काढलेल्या फायली दिसतात. ‘अजून पॉझिटिव्हच आहे’ म्हणून रडकुंडीला आलेल्या रुग्ण दिसतात, आणि त्याच फायलीत वर्षभराचा एकही लघवीचा रिपोर्ट नसतो.

देखरेखीसाठी उपयोगी चाचण्या वेगळ्या आहेत: हिमोग्राम, क्रिएटिनिन, डीएसडीएनए प्रतिपिंडं, सी-३ आणि सी-४ ही पूरक प्रथिनं. यातही आकडा एकटा बघून उपयोग नाही, तो त्याच रुग्णाच्या मागच्या आकड्यांशेजारी ठेवून बघावा लागतो. डीएसडीएनए मोजण्याच्या पद्धती आणि एककं लॅबगणिक बदलतात. मार्चमध्ये एका लॅबचा आणि जुलैमध्ये दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट घेऊन ‘दुप्पट झालं’ म्हणणं निरर्थक ठरू शकतं. जिथे सवलत मिळेल तिथे तपासणी करायची सवय समजण्यासारखी आहे, पण या एका चाचणीपुरती लॅब न बदललेली बरी.

शिवाय कागद आणि माणूस यांचं नेहमी जुळतं असंही नाही. काही रुग्णांत डीएसडीएनए चढलेलं, सी-३ उतरलेलं, आणि तरी वर्षानुवर्षं बाई धडधाकट, लघवी स्वच्छ. अशा वेळी नुसत्या कागदावर औषध वाढवू नये, नजर तेवढी जवळ आणावी, असाच आज जाणकारांचा कल आहे. उलट बाजूही आहे. रुग्ण थकव्यानं गळून गेलेली, अंग ठणकतंय, झोप नाही, पण लघवी, प्लेटलेट्स, पूरक प्रथिनं सगळं जागच्या जागी. तिथे कारण थायरॉइडचं, पांडुरोगाचं, नैराश्याचं किंवा फायब्रोमायाल्जियाचं असू शकतं. स्टेरॉइड वाढवलं तर चार दिवस बरं वाटेल आणि मूळ कारण तसंच राहील. म्हणजे तक्रार दोन्ही बाजूंनी फसवते: ती नसताना आजार आत चालू असतो, आणि ती असताना आजार शांत असू शकतो. म्हणून तक्रार ऐकायचीच, पण तपासण्यांचं वेळापत्रक तिच्यावर सोडायचं नाही.

पावसाळ्यात या सगळ्याची खरी परीक्षा होते. समजा, तालुक्याच्या गावातली एक अंगणवाडी सेविका ऑगस्टमध्ये १०२ ताप घेऊन येते. प्लेटलेट्स ८० हजार, पांढऱ्या पेशी कमी. ल्युपसची फाइल बघून तो ल्युपसचा उद्रेक वाटतो, गल्लीतली साथ बघून डेंग्यू वाटतो. महिनाभराचा खोकला असेल तर क्षयरोगही रांगेत उभा राहतो, कारण ती स्टेरॉइडवर आहे. इथे सीआरपी ही जुनी आणि सहज मिळणारी दाहाची रक्तचाचणी मदतीला येते. ल्युपसच्या उद्रेकात दाहाचीच दुसरी चाचणी असलेला ईएसआर वाढतो, पण सीआरपी बऱ्याचदा फारसा हलत नाही. तो खूप वर गेला तर जंतुसंसर्ग शोधायला हवा. नियमाला अपवाद आहेत: फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाचा दाह, सांधे सुजणं. डेंग्यूसारख्या विषाणूच्या तापातही सीआरपी साधारण असू शकतो, म्हणून डेंग्यूची तपासणी वेगळी करावीच लागते. पण जूनमध्ये तिच्या प्लेटलेट्स किती होत्या, हे फायलीत असेल तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. दोन लाखांवरून ८० हजार झाल्या असतील तर गोष्ट वेगळी, आणि वर्षभर ९० हजारांवरच असतील तर वेगळी. ती ठणठणीत होती त्या महिन्याचा आकडा ती आजारी पडल्यावर कामाला येतो.

संशोधकांनी ही सगळी निरीक्षणं एका आकड्यात बसवायचा प्रयत्न केला आहे. टोरांटोच्या मंडळींच्या पुढाकारातून तयार झालेला आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेला ‘स्लेडाय’ हा त्यातला सर्वाधिक वापरला जाणारा गुणांक. यादीत २४ बाबी. ल्युपसमुळे आलेल्या फेफऱ्याच्या झटक्याला आठ गुण, लघवीतल्या प्रथिनाला चार, कमी पूरक प्रथिनाला दोन, तापाला एक. औषधांच्या चाचण्यांत आणि रुग्णगटांच्या तुलनेत त्याचा उपयोग वादातीत आहे. पण रोजच्या ओपीडीत त्याच्यावर आंधळा भरवसा ठेवला तर गंमत होते. प्लेटलेट्स लाखाखाली गेल्या की एक गुण, मग त्या ९५ हजार असोत की १० हजार. नुसतं डीएसडीएनए वाढलं तर मात्र दोन गुण. तांबड्या पेशी फुटून होणारा पांडुरोग, जो जिवावर बेतू शकतो, तो या यादीतच नाही. आणि रुग्णाला सर्वांत जास्त छळणाऱ्या थकव्याला शून्य.

म्हणून गुणांक टाकून द्यावा असं नाही. त्यातून निघालेली उद्दिष्टाची कल्पना मोलाची आहे. २०१६ साली आशिया-पॅसिफिक भागातल्या ल्युपस अभ्यासगटानं ‘कमी सक्रियतेची स्थिती’ कशाला म्हणायचं ते ठरवलं: स्लेडाय चार किंवा कमी, मोठ्या अवयवात सक्रियता नाही, मागच्या वेळेपेक्षा नवं काही नाही, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज साडेसात मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. यातली शेवटची अट महत्त्वाची आहे. रोज तीस मिलिग्रॅम घेऊन शांत असलेला आजार हा शांत आजार धरायचा नाही, असं ती सांगते. २०२३च्या युरोपीय शिफारशींनी तर कायमच्या मात्रेची मर्यादा पाच मिलिग्रॅमवर आणली आणि जमेल तेव्हा स्टेरॉइड बंद करावं असं सुचवलं.

स्टेरॉइडइतकं फसवं औषध दुसरं नाही. त्यानं लगेच बरं वाटतं. सांधे सुटतात, भूक लागते, उत्साह येतो. म्हणून जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी घेतली जाते, डॉक्टरांकडे जायचं राहतं आणि तीन आठवड्यांची मात्रा तीन वर्षं चालते. या काळात साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू धरतो, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. बहुतेक गोष्टी चुपचाप घडतात. कंटाळून एके दिवशी एकदम बंद केलं तर शरीराला स्वतःचं स्टेरॉइड तयार करायला सवड मिळत नाही आणि रुग्ण कोसळू शकते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचं अगदी उलट. ते घेतल्यानं विशेष बरं वाटत नाही, आणि सोडलं तरी काही दिवस बिघडत नाही, कारण शरीरातून ते निम्मं व्हायलाच चाळीसएक दिवस लागतात. ‘महिनाभर घेतलं नाही, काही झालं नाही’ असा निष्कर्ष रुग्ण काढते, तो याच मुदतीतला असतो. १९९१ साली कॅनडातल्या अभ्यासगटानं स्थिर असलेल्या ४७ रुग्णांपैकी काहींची गोळी चालू ठेवली आणि काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. सहा महिन्यांत दुसऱ्या गटात उद्रेकाचा धोका अडीच पट निघाला. तेव्हापासून हे औषध ल्युपसच्या उपचाराचा पाया मानलं जातं. म्हणूनच मार्च २०२०मध्ये कोविडवर ते चालेल अशी हूल उठली, लोकांनी दुकानं रिकामी केली, तेव्हा ल्युपसच्या रुग्णांची तारांबळ उडाली. मुंबई-अहमदाबादच्या कंपन्या जगाला ज्या गोळ्या पुरवतात, त्यांच्यासाठी इथल्याच बायका गावोगावची मेडिकल पालथी घालत होत्या. २६ मार्चला केंद्र सरकारनं औषध ‘एच-१’ यादीत टाकलं आणि चिठ्ठीशिवाय विक्री थांबली. ते योग्यच होतं. पण टाळेबंदीत ज्यांना डॉक्टर गाठता येत नव्हता, त्यांच्या हाती ताजी चिठ्ठी कुठून येणार?

या गोळीचीही देखरेख आहे. मात्रा रोज प्रत्येक किलोला पाच मिलिग्रॅमच्या आसपास असावी. ४५ किलोच्या बाईला हा हिशेब दिवसाला २२५ मिलिग्रॅम येतो. गोळी २०० मिलिग्रॅमची, म्हणून रोज एक आणि आठवड्यातून एकदा जादा एक, अशा आठवड्याच्या आठ गोळ्या पुरतात. तिला वर्षानुवर्षं रोज दोन दिल्या, तर डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याचा धोका विनाकारण वाढतो. योग्य मात्रेत पहिल्या दहा वर्षांत तो दोन टक्क्यांहून कमी असतो, वीस वर्षांनंतर मात्र वीस टक्क्यांच्या जवळ जातो, असं २०१४च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. इथेही आधी नजर अधू होत नाही. ओसीटी या पडद्याच्या स्कॅनच्या चित्रात आणि दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत खूण दिसते, तेव्हा रुग्णाला सगळं स्वच्छ दिसत असतं. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासणं हा त्यावरचा उपाय आहे. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे, हे मात्र रुग्णाला स्पष्ट सांगावं लागतं.

हृदयाचा हिशेब आणखी लांबचा. टोरांटोच्या मरे युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवलं की ल्युपसमधले मृत्यू दोन टप्प्यांत होतात: सुरुवातीला आजाराच्या उग्रपणामुळे आणि जंतुसंसर्गामुळे, नंतर रक्तवाहिन्या कडक होऊन हृदयविकारानं. १९९७च्या पिट्सबर्गच्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नास पटींहून जास्त निघाला. चाळिशीतल्या बाईची छाती दुखली की ‘गॅसेस असतील’ म्हणणाऱ्या समाजात हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर, वजन यांची वर्षातून एकदा नोंद घ्यायला मोठं रुग्णालय लागत नाही.

गर्भारपणाचा विषय तर न विचारल्यामुळेच अडतो. आजार निदान सहा महिने शांत असताना दिवस राहिले तर बहुतेक बाळंतपणं सुखरूप पार पडतात, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन त्या काळातही चालू ठेवायचं असतं. प्रतिकारशक्ती आवरणारं मायकोफेनोलेट मात्र गर्भाला घातक असल्यानं ते किमान सहा आठवडे आधी बंद करून दुसरं औषध बसवावं लागतं. आईच्या रक्तात रो नावाची प्रतिपिंडं असतील तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका शंभरात एक-दोन असतो, म्हणून सोनोग्राफीत त्यावर लक्ष ठेवतात. पण आपल्याकडे लग्न ठरताना आजार झाकला जातो, सासरी गोळ्या साडीच्या घडीत लपतात, आणि पाळी चुकल्यावर पहिलं पाऊल म्हणजे सगळी औषधं बंद. ‘पुढच्या वर्षभरात मूल हवंय का?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत, आणि शक्यतो नातेवाइकांना बाहेर बसवून, विचारायला हवा.

यावर आक्षेप येतात, ते रास्त आहेत. इतक्या तपासण्यांनी रुग्णाचं आयुष्य दवाखान्यातच जाईल, प्रत्येक रिपोर्टागणिक धास्ती वाढेल. पण नियमित म्हणजे सतत नव्हे. आजार शांत, अवयवांना इजा नाही, जोडीला दुसरा आजार नाही, अशा रुग्णांना सहा ते बारा महिन्यांनी बघितलं तरी चालेल, असं २०१०च्या युरोपीय शिफारशींतही म्हटलं आहे. पहिली दोन-तीन वर्षं, औषध बदलल्यावर आणि कमी करताना हे अंतर तीन महिन्यांवर आणायचं. दुसरा आक्षेप पैशाचा. तिथे उलट हिशेब मांडता येतो: दरवेळची एएनए आणि सगळी पॅनेलं वगळली तर तेवढ्याच पैशात लघवी, हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि अधूनमधून पूरक प्रथिनं बसू शकतात.

खरी अडचण माणसांची आहे. संधिवाततज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णानं दर तीन महिन्यांनी मजुरी बुडवून तिथवर जावं, ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्या फेऱ्यांमधला मोठा भाग गावातला फॅमिली डॉक्टर, तालुक्याचा फिजिशियन किंवा ग्रामीण रुग्णालय सांभाळू शकतं. रक्तदाब मोजणं तर मधुमेह-रक्तदाबाच्या सरकारी कार्यक्रमामुळे तिथे रोजचंच झालं आहे. त्यांना तज्ज्ञांकडून लागतो एक कागद. त्यावर या रुग्णाच्या शांत काळातल्या प्लेटलेट्स, सी-३, क्रिएटिनिन, वजनानुसार गोळ्यांची मात्रा, डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख, आणि कोणता आकडा कुठे गेला की वाट न बघता पाठवायचं, हे मराठीत लिहिलेलं असावं. त्याची एक प्रत रुग्णाकडे राहावी आणि ती तिला वाचता-समजता यावी.

सरकारी योजनांचं तर्कट इथे आडवं येतं. आयुष्मान भारतसारख्या योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर लागू होतात, ओपीडीतल्या तपासण्या त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. २०१६पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. पण एका बाईचं मूत्रपिंड निकामी झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा जन्मभर खर्च करायची तयारी असलेल्या व्यवस्थेनं त्याआधीच्या दहा वर्षांतल्या लघवीच्या तपासण्या, पूरक प्रथिनं आणि एक बायोप्सी यांच्यासाठी खिसा शिवून ठेवलेला असतो. ल्युपससारख्या दीर्घ आजारांच्या ठरावीक ओपीडी तपासण्या या योजनांच्या यादीत घालायला नवं तंत्रज्ञान किंवा नवी रुग्णालयं लागणार नाहीत. सुरुवात जिथे डायलिसिसची यंत्रं आधीच बसली आहेत, त्या जिल्हा रुग्णालयांपासून करता येईल.